अपूर्णांक कुठे संपतो?

फळ्यावर काही न लिहिता वर्गात एवढेच म्हणून पाहा : ‘एक छेद क्ष अधिक एक. क्षची किंमत एक. उत्तर काढा.’ माढ्याला आमच्या वर्गात दोन उत्तरे आली. काहींनी २ लिहिले, काहींनी १/२. पहिल्यांनी छेदात फक्त क्ष घेतला, दुसऱ्यांनी क्ष + १. ऐकलेल्या वाक्याला दोन्ही उत्तरे जुळतात! फळ्यावर हा घोटाळा होत नाही, कारण छेदरेषेची लांबी डोळ्यांना दिसते. अंध विद्यार्थ्याला मात्र गणित नुसते ऐकूनच सोडवावे लागले, तर चूक वाचणाऱ्याची आणि गुण जातात त्याचे.

ब्रेलमध्ये सहा टिंबांच्या, रिकामी जागा धरून, ६४ जुळण्या होतात. त्यांतून १९५१ साली भारतीय भाषांसाठी ‘भारती ब्रेल’ ठरली. पण ब्रेलची ओळ सरळ पुढे जाते, तर गणित वर-खालीही पसरते. म्हणून अमेरिकेतील अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने गणितासाठी वेगळे संकेत तयार केले. ते १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि भारतातही वापरले जातात. त्यांत अपूर्णांक सुरू झाल्याची खूण १-४-५-६ या टिंबांची, छेदरेषेची ३-४ आणि अपूर्णांक संपल्याची ३-४-५-६. ‘क्ष + १’ नंतर ही शेवटची खूण बोटाला लागली, की शंका उरत नाही.

आता हे काम संगणकालाही करता येते. ‘एनव्हीडीए’ ही पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी मोफत प्रणाली आहे. तिला ‘मॅथकॅट’ हे मोफत साधन जोडले, की समीकरण नेमेथ संकेतांत ब्रेल-पट्टीवर उमटते. मात्र चिन्हामागे चिन्ह बदलून भागत नाही. ३-४-५-६ हीच खूण ‘पुढे अंक आहे’ असेही सांगते! कोणता अर्थ कुठे, हे समीकरणाची रचना कळल्याशिवाय ठरत नाही. शिवाय ब्रिटन, जर्मनी यांचे संकेत निराळे. म्हणून प्रत्येक पद्धतीचे नियम संगणकाला स्वतंत्रपणे शिकवावे लागतात.

ही रचना टिकवणे शिक्षकांच्या हाती आहे. समीकरणाचे छायाचित्र चिकटवले, तर संगणकाला ते नुसते चित्र. समीकरण-संपादकात लिहिले, तर अंश कोणता, छेद कोणता, हे त्यात नोंदलेले राहते. आणि संगणक नसला, तरी वाचून दाखवताना ‘अपूर्णांक सुरू’, ‘अपूर्णांक संपला’ असे म्हणायला काय लागते?