गार समुद्रातला गरम मासा

कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो बंदरातून निघून नाक सरळ दक्षिणेला धरले, की सुमारे 950 सागरी मैलांवर ‘हरिकेन बँक’ लागते. लागते खरी, पण दिसत काहीच नाही. समुद्राच्या तळातून उठलेला तो डोंगर पाण्याबाहेर डोकेच काढत नाही. ताशी दहा मैलांच्या चालीने बोटीला तिथे पोहोचायला चार दिवस लागतात. हौशी मासेमार एवढ्या दूर जातात ते यलोफिन ट्यूनासाठी. हा आपल्या अरबी समुद्रातही सापडणारा कुपाच, पण तिथले थोराड मासे 200 पौंडांच्या वर भरतात. अशा माशाला ही मंडळी ‘काऊ’ म्हणतात आणि 300 पौंडांवरच्याला ‘सुपर काऊ’!

या अवाढव्य खटाटोपाची सारी भिस्त असते वीतभर तारलीवर. निघतानाच जिवंत तारल्या बोटीवरच्या टाक्यांत भरून घेतात. पंप रात्रंदिवस समुद्राचे ताजे पाणी फिरवत असतो, आणि मेलेल्या तारल्या खलाशी वेचून काढतात. दक्षिणेकडे पाणी तापत जाते, ते गार पाण्यातल्या तारलीला मानवत नाही. म्हणून मासेमारीची खरी परीक्षा टाकीपाशीच होते. टाकीच्या भिंतीवर आपटून नाक लाल झालेली, खवले गळालेली तारली नको. तजेलदार, चपळ हवी. ती ओल्या हाताने अलगद धरायची, नाकातून गळ ओवायचा आणि सोडून द्यायची. ती बोटीपासून दूर पळत सुटली पाहिजे. बोटीखालीच घुटमळली, तर दुसरी घ्यायची. भेदरून पळणारी तारली ट्यूनाला जशी खुणावते, तशी मलूल तारली कधीच नाही.

मग ट्यूना तारली गिळतो आणि दोरी सुटते. मासा शेकडो फूट दोरी ओढून नेतो, आणि माणूस कठड्याला धरून त्याच्या मागे बोटीभर फिरतो. शेजाऱ्याच्या दोरीखालून, वरून, पण मासा जाईल तिकडेच. असे तासभरही चालते. एवढी ताकद येते कुठून? मला सगळ्यात थक्क करते ते याचे उत्तर.

बहुतेक माशांचे शरीर पाण्याइतकेच गार असते, आणि त्याला कारण आहे. प्राणवायू घेण्यासाठी रक्ताला कल्ल्यांत जावे लागते, आणि तिथे ते पाण्याच्या अगदी लगत येते. कमावलेली ऊब तिथेच निघून जाते. खिडक्या सताड उघड्या ठेवून घर ऊबदार राखण्यासारखेच हे अवघड. ट्यूनाने यावर तोड काढली आहे. स्नायूंकडून परतणारे गरम रक्त आणि कल्ल्यांकडून येणारे गार रक्त अतिशय बारीक वाहिन्यांतून एकमेकांना खेटून, उलट दिशांनी वाहते. गरम रक्ताची ऊब कल्ल्यांपर्यंत पोहोचण्याआधीच गार रक्त ती उचलते आणि परत स्नायूंकडे नेते. शरीरशास्त्रज्ञांनी या रचनेला लॅटिनमध्ये ‘अद्भुत जाळे’ असेच नाव दिले आहे. गरम स्नायू जलद आणि जोरकस चालतात. शिवाय ट्यूनाला थांबताच येत नाही. पोहताना उघड्या तोंडातून पाणी कल्ल्यांवर वाहत राहिले, तरच त्याला श्वास मिळतो.

दमलेला ट्यूना शेवटी कुशीवर कलून बोटीखाली गोल गोल घिरट्या घालू लागतो. निळ्या पाण्यात त्याची चमक दिसताच कुणीतरी ओरडतो, “कलर!” आणि खलाशी लांब आकड्या घेऊन धावतात. वर आल्यावरही घाई असतेच. झुंजीने तापलेले मांस लवकर खराब होते, म्हणून रक्त काढून मासा बर्फगार केलेल्या समुद्राच्या पाण्यात ठेवावा लागतो.

1977 साली मेक्सिकोच्या सॅन बेनेदिक्तो बेटाजवळ 388 पौंड 12 औंसांचा यलोफिन गळाला लागला आणि तो विक्रम तीन दशकांहून जास्त टिकला. 2012 मध्ये काबो सान लुकासजवळ 427 पौंडांचा मासा मिळाला. सॅन बेनेदिक्तोच्या परिसरात आता मासेमारीच बंद आहे. मेक्सिकोने 2017 मध्ये तो रेव्हियाहिखेदो द्वीपसमूह राष्ट्रीय उद्यान केला, आणि ते योग्यच झाले.

ट्यूनाच्या ताकदीचा आणखी एक दाखला आहे. त्याचाच दुसरा प्रकार, प्रशांत महासागरातला ब्लूफिन, जपानच्या बाजूला जन्मतो, आणि त्यातले काही मासे लहानपणीच अख्खा महासागर ओलांडून कॅलिफोर्नियाला येतात. ऑगस्ट 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी सॅन दिएगोच्या हौशी मासेमारांकडून 15 ब्लूफिनचे नमुने घेतले. त्याच वर्षी मार्चमध्ये जपानमध्ये फुकुशिमाचा अणुअपघात झाला होता. पंधराच्या पंधरा माशांत किरणोत्सारी सिझियम-134 सापडले. प्रमाण अगदी किरकोळ, माशात निसर्गतःच असणाऱ्या किरणोत्सारापेक्षाही कमी. पण हे सिझियम दर दोन वर्षांनी निम्मे होते, त्यामुळे जुन्या अणुचाचण्यांतले केव्हाच संपून गेले होते. म्हणजे ते फुकुशिमाचेच. हे मासे अपघातानंतर, अवघ्या पाच महिन्यांच्या आत, महासागर ओलांडून आले होते. त्याच किनाऱ्यालगत वावरणाऱ्या यलोफिनमध्ये मात्र त्याचा मागमूसही नव्हता.