जुनं पितळी-काचेचं टेबल: विकत घेताना कमवा, विकताना नाही

जुन्या फर्निचरच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, चाळीस हजार आहेत, चोर बाजारातून माल उचलून ऑनलाइन विकू का?" उत्तर द्यायच्या आधी एकच वस्तू घेऊन बसू. धातूचे पाय आणि वर काच असलेलं छोटं टेबल. आपल्या घरात याला सरळ टीपॉय म्हणतात. (गंमत म्हणजे या शब्दाचा चहाशी संबंध नाही, मूळ 'तीन पाय' असं आहे.) इंटिरियरवाले त्याला 'मिड-सेंच्युरी' म्हणतात आणि किंमत वाढते.

मिड-सेंच्युरी म्हणजे साधारण 1945 ते 1970 या काळातली घडण. सडपातळ पाय, कमी नक्षी, काचेमुळे खोली मोकळी दिसते. आजच्या छोट्या फ्लॅटला हे बरोबर बसतं, म्हणून मागणी आहे. पण इथेच पहिला खड्डा आहे. आयलीन ग्रे या डिझायनरचं पोलादी नळी आणि काचेचं गोल टेबल 1927 चं आहे, तरी त्याच्या नव्याकोऱ्या नकला आज सगळीकडे मिळतात. डिझाइन जुनं असणं वेगळं आणि वस्तू जुनी असणं वेगळं. खात्री नसेल तर जाहिरातीत 'जुन्या धाटणीचं' असंच लिहा. गिऱ्हाईक एकदा फसलं की दहा जणांना सांगतं.

बाजारात जाताना खिशात फ्रिजवरचं लोहचुंबक ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर फक्त मुलामा. माझं पहिलं टेबल मी चुंबक न नेता 'शुद्ध पितळ' म्हणून घेतलं होतं, घरी आल्यावर कळलं! पण नाही चिकटलं म्हणून लगेच खूश होऊ नका, जस्ताच्या मिश्रधातूलाही ते चिकटत नाही. टेबल उलटं करा, पायाच्या तळाशी जिथे घासलं गेलंय तिथे बघा. आत पांढुरका धातू दिसला तर मुलामाच. मुलाम्याचं टेबलही विकतं, फक्त पितळेच्या भावात घ्यायचं नाही. आणि त्यावर पितांबरी किंवा चिंच घासत बसू नका, वरचा थर निघून जाईल. ओल्या फडक्याने पुसा, कोरडं करा, बस.

आता काच. यात मी तडजोड करत नाही, कारण एकदा केली होती. दुसऱ्या टेबलाला जुनी साधी काच होती, नवी घालायचे पैसे वाचवले. महिन्याभराने गिऱ्हाइकाचा फोन आला, काच मधून दुभंगली. कुणाला लागलं नाही हे नशीब. टेबल परत आणलं, सगळे पैसे दिले. साधी काच फुटली की सुरीसारखे तुकडे होतात, टफन केलेली फुटली की बारीक दाणे होतात. ज्या घरात लहान मूल रांगतंय तिथे हा फरक छोटा नाही. लक्षात ठेवा, टफन काच नंतर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून आधी टेबलाच्या कड्याचं माप पुठ्ठ्यावर उतरवा, तो पुठ्ठाच काचवाल्याला द्या, मगच टफन करायला सांगा. जुनी कडी क्वचितच अचूक गोल असतात. 18 इंची गोल, 8 मिलिमीटर जाडीची काच सव्वातीन किलोच्या आसपास भरते. पाय डुगडुगत असतील तर आधी सांधा पक्का करून घ्या.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे तुम्ही भरा. समजा टेबल 2,200 ला घेतलं, रिक्षा-टेम्पो 300, काच 1,400, सांधा आणि बफिंग 900, रबरी बटणं आणि पॅकिंग 350. झाले 5,150. विकलं 8,500 ला, घरपोच द्यायला 600. हातात 2,750. छान वाटतंय ना? पण बाजाराच्या फेऱ्या, सफाई, फोटो, "लास्ट किती?" विचारणाऱ्यांना उत्तरं, असे सोळा तास धरले तर तासाला 172 रुपये पडतात. आणि अशी चार घेतली, तीन विकली, एक पडून राहिलं, तर 8,250 मधून अडकलेले 5,150 वजा करा. उरले 3,100. चार टेबलांचे!

हेच टेबल 1,200 ला घेतलं असतं तर? तीन विकून 11,250, अडकलेले 4,150, उरतात 7,100. विक्रीची किंमत एक रुपयाही वाढवली नाही. म्हणून चाळीस हजार घेऊन बाजारात जाऊच नका. एका टेबलापुरते पैसे न्या, ते विकलं की दुसरं. दुकानदाराला पहिल्या फेरीत भाव विचारा आणि निघा, दुसऱ्या फेरीत बोला.

कायद्याचं थोडक्यात: 1972 च्या पुरावशेष कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू येतात, 1960 चं टेबल त्यात बसत नाही. आणि जीएसटीत नोंदणी झाल्यावर जुन्या मालासाठी खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरायची सोय आहे, अटींसह. तुमच्या सीएला 'मार्जिन स्कीम' एवढंच विचारा, पण खरेदीची पावती पहिल्या दिवसापासून ठेवा. कच्ची असली तरी चालेल, तारीख हवी.

डिलिव्हरीला काच पायांपासून वेगळी करा, चारी बाजूंनी पुठ्ठा लावा आणि टेम्पोत उभी ठेवा, आडवी नाही. आडव्या काचेवर कुणीतरी सामान ठेवतंच.