भातावरील कडा करपा आणि जिवाणूंच्या वर्गीकरणाचा प्रश्न

पुणे जिल्ह्यातील आंदर, नाणे व पवन मावळ ही खोरी भातासाठी प्रसिद्ध आहेत. 'इंद्रायणी' हे वाणही वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राचेच. भातावरील रोगांपैकी 'कडा करपा' हा जिवाणूजन्य आहे. पानाच्या शेंड्यापासून कडा पिवळसर, नागमोडी होत वाळत जातात; रोगट पान कापून स्वच्छ पाण्यात धरल्यास छेदातून दुधाळ स्राव उतरताना दिसतो. भारतात या रोगाची नोंद श्रीनिवासन, तिरुमलाचार व पटेल यांनी १९५९ साली महाराष्ट्रातून केली. १९६३ साली बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली. जिवाणूंचे वर्गीकरण कोणत्या तत्त्वावर करावे, हा प्रश्न समजून घेण्यास या रोगाच्या कारक जिवाणूचा इतिहास फार उपयुक्त आहे.

इशियामा यांनी १९२२ साली जपानमध्ये त्यास 'स्यूडोमोनस ओरायझी' असे नाव दिले. डाउसन यांनी १९३९ साली पिवळ्या रंगद्रव्याच्या वनस्पतिरोगकारक जिवाणूंसाठी 'झँथोमोनस' ही प्रजाती स्थापिली व १९४३ साली हा जिवाणू तीत घातला. त्या काळी नवी आश्रयवनस्पती आढळली की जिवाणूची नवी जाती मानण्याचा प्रघात होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात म. का. पटेल व त्यांचे सहकारी यांनी याच रीतीने अनेक जिवाणूंची वर्णने प्रसिद्ध केली. पटेल, मोनिझ व कुलकर्णी यांनी १९४८ साली वर्णिलेला आंब्यावरील जिवाणू हे त्याचे एक उदाहरण होय.

या प्रघातात एक उणीव होती. प्रयोगशाळेतील जीवरासायनिक कसोट्यांना लावले असता यांपैकी बहुतेक 'जाती' एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येत नसत. म्हणून बर्गी यांच्या संहितेच्या आठव्या आवृत्तीत (१९७४) झँथोमोनसच्या केवळ पाच जाती उरल्या. बाकीच्यांचा समावेश 'झँथोमोनस कँपेस्ट्रिस' या एकाच जातीत झाला. तथापि शेतकऱ्याच्या व वनस्पति-संगरोधाच्या दृष्टीने भातावरील आणि कोबीवरील जिवाणू एकच मानणे घातक ठरले असते. तेव्हा जातीखाली 'पॅथोव्हार' ही पायरी योजण्यात आली. ती कोणती वनस्पती, कोणता रोग, एवढेच सांगते. १ जानेवारी १९८० रोजी जिवाणूंच्या मान्य नावांची यादी अमलात आली. तीत नसलेली जुनी नावे जाती म्हणून मान्य राहिली नाहीत. झँथोमोनसची अनेक जुनी नावे पॅथोव्हारांच्या रूपाने टिकली.

पुढे डीएनए-संकरणाच्या पद्धतीने हा प्रश्न पुन्हा तपासला गेला. १९९० साली 'झँथोमोनस ओरायझी' ही स्वतंत्र जाती म्हणून पुन्हा मान्य झाली. १९९५ साली व्हॉटेरिन व सहकाऱ्यांनी प्रजातीत वीस जाती ठरविल्या. आज ओरायझी जातीचे दोन पॅथोव्हार भातावर आढळतात. 'ओरायझी' पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून शिरून काष्ठवाहिन्यांत पसरतो. 'ओरायझिकोला' पर्णरंध्रांतून शिरून पेशींमधील पोकळ्यांत वाढतो व पानावर रेषा उमटवितो. जाती एक, आश्रय एक, तरी रोग दोन. याउलट आंब्यावरील उपरोक्त जिवाणू, लिंबावरील खैऱ्याचा जिवाणू आणि डाळिंबावरील 'तेल्या'चा जिवाणू हे तिन्ही आता 'झँथोमोनस सिट्री' या एकाच जातीचे पॅथोव्हार मानले जातात. केवळ आश्रयवनस्पतीवर विसंबल्याने हे नाते झाकले गेले होते.

विषाणूंची स्थिती याहून निराळी आहे. सर्व जिवाणूंत आढळणाऱ्या १६ एस रायबोसोमी आरएनएच्या जनुकासारखा एकही जनुक सर्व विषाणूंत नाही. म्हणून त्यांचा एकच वंशवृक्ष काढता येत नाही. भातावरील टुंग्रो रोग पाहावा. तो दोन विषाणूंच्या जोडीने होतो: दंडाकाराचा जीनोम डीएनएचा, गोलाकाराचा आरएनएचा. दोघांची कुलेही भिन्न. रोगाची तीव्र लक्षणे मुख्यतः पहिल्यामुळे दिसतात. परंतु हिरव्या तुडतुड्यांमार्फत त्याचा प्रसार होण्यास दुसऱ्याचे साहाय्य लागते. येथे रोगाच्या नावावरून विषाणूचे कुल ठरविणे सर्वथा अशक्य होय.

तथापि १६ एस जनुकाच्या क्रमालाही मर्यादा आहेत. तो प्रजातीपर्यंत नेऊन सोडतो. झँथोमोनसच्या निकटच्या जाती व पॅथोव्हार त्यावरून निश्चित होत नाहीत. त्यासाठी अनेक जनुकांची वा संपूर्ण जीनोमची तुलना आणि प्रत्यक्ष रोपावरील रोगकारकतेची कसोटी, दोन्ही आवश्यक असतात. रोगप्रतिकारक वाणांची चाचणी घेताना वापरलेला विभेद चुकीचा ओळखला गेला असेल, तर वर्षानुवर्षांचे पैदाशीचे काम निरर्थक ठरते. म्हणून संशोधकाने विभेदाची नोंद करताना जाती, पॅथोव्हार, आश्रयवनस्पतीचे वाण, स्थळ व दिनांक ही सर्व माहिती लिहावी आणि विभेदाचा नमुना मान्य संग्रहात ठेवावा. नाव पुढे बदलले तरी अशा नोंदीच्या आधारे तोच जिवाणू पुन्हा तपासता येतो.