हिरवं प्रवाळ घरी ठेवायचंय? लाईट घेण्याआधी हे वाचा

मोबाईलवर व्हिडिओ पाहून मुलं विचारतात, "सर, खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीत हिरवं चमकणारं कोरल ठेवायचं, लाईट कोणता घ्यायचा?" आमच्या बिरसीपासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण प्रश्न चांगला आहे.

प्रवाळ, उर्दूत मर्जान, हा दगड नाही की झाड नाही. तो प्राणी आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यालाही देतं. म्हणून निळा प्रकाश जास्त असलेला एलईडी लागतो. हिरवी चमकही त्यातच खुलते, कारण प्रवाळातलं एक प्रथिन निळा प्रकाश शोषून हिरवा बाहेर टाकतं.

पण पाणी 25-26 अंशांवर ठेवावं लागतं. टाकी लहान, तितकी लवकर तापते; पाणी उडालं की खारटपणा वाढतो. आपल्याकडचा मे महिना, त्यात वीज गेली तर? शैवाल निघून जातं, प्रवाळ पांढरं पडतं.

आणि कायदा! वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 मध्ये टणक प्रवाळ आहेत, वाघाच्याच यादीत. 'हॅमर', 'फ्रॉगस्पॉन' त्यातलीच. दुकानदार "सब मिलता है" म्हणाला तरी फसू नका.

आम्ही मुलांना गोड्या पाण्याची टाकी सुचवली. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया लावा, पांढरा एलईडी रोज सात-आठ तास पुरे. टाकी खिडकीच्या उन्हात मात्र ठेवू नका, नाहीतर काचच शेवाळाने हिरवी होईल.