चवळीचं ताट आणि नदीवरचा पूल

आज एका गाईपासून सुरुवात करते. दुभत्या गाईपासून.

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचं राज्य आहे. आपल्याकडे जिल्हे असतात तशा तिकडे काउंट्या असतात. त्यातल्या चिकासॉ काउंटीत एका शेतकरी आजीने आपली दुभती गाय शेजाऱ्यांना दिली आणि बदल्यात त्यांच्याकडचा पियानो घरी आणला. पियानो म्हणजे आपल्या पेटीचा थोरला भाऊ म्हणा ना. कशासाठी, तर नातीला वाजवायला. दारची दुभती गाय देणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे कुणी असं केलं असतं, तर आळीतल्या बायकांनी वर्षभर नावं ठेवली असती.

त्या नातीचं नाव रोबर्टा ली स्ट्रीटर. जन्म १९४२ सालचा. आईवडील वेगळे झाले होते, म्हणून पोर आजी-आजोबांच्या शेतावर वाढली. चर्चमध्ये वाजवणाऱ्या बाईंचे हात बघून बघून पियानो शिकली. सातव्या वर्षी पहिलं गाणं रचलं, ते आपल्या कुत्र्यावर. पुढे काही वर्षं वडिलांजवळ ग्रीनवूड गावी राहिली. तेरा वर्षांची झाल्यावर आईकडे गेली, दूर कॅलिफोर्नियात. तिथे गिटार शिकली, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकली, पोटासाठी कारकुनी कामं केली. एका सिनेमातल्या बाईचं आडनाव आवडलं, ते घेतलं आणि बॉबी जेन्ट्री झाली. या बॉबी जेन्ट्रीचा पहिला अल्बम १९६७ साली आला. त्याला पन्नास वर्षं कधीच उलटून गेली, तरी लोक तो अजून ऐकतात. का ऐकतात, तेच आज सांगायचं आहे.

आधी ‘कंट्री’ गाणं म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या, त्यातही दक्षिणेकडच्या, खेड्यापाड्यांतल्या लोकांचं हे गाणं. हातात गिटार, शब्द साधे आणि गाण्यात बहुतेक वेळा एक गोष्ट. शेत, घर, देऊळ, दारू, प्रेम, विरह, सगळं त्यात येतं. मात्र त्या काळात बाईने गायचं ते बहुतेक दुसऱ्या कुणी लिहिलेलं असायचं. बॉबीच्या पहिल्या अल्बममध्ये दहा गाणी आहेत आणि त्यातली नऊ तिने स्वतः लिहिलेली आहेत. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? तर मोठं हे, की तिच्या गाण्यात दिसतं ते शेतावरच्या मुलीच्या डोळ्यांनी दिसतं. एक गाणं उन्हाळ्यातल्या किडामाकोड्यांवर आहे. एकात मुलगी बापाच्या मागे लागते, मलाही शहरात घेऊन चला म्हणून. सगळीच गाणी सारखी उतरलीत असं मी म्हणणार नाही. दोन-तीन गाण्यांची चाल तर मुख्य गाण्याचीच धाकटी बहीण वाटते. पण त्या मुख्य गाण्यासाठी सगळं माफ आहे.

ते गाणं म्हणजे ‘ओड टू बिली जो’. अल्बमचं नावही तेच.

त्याची गोष्ट आता माझ्या शब्दांत सांगते. जून महिना आहे. घरची मुलगी आणि तिचा भाऊ सकाळपासून रानात आहेत. मुलगी कपाशीत खुरपते आहे. (काही ठिकाणी ती कापूस वेचत होती असं सांगतात. जूनमध्ये कसली वेचणी? हे सांगणारा कधी कपाशीत गेला नसावा.) दुपारी दोघं जेवायला घरी येतात. दारातच आई म्हणते, पाय पुसून आत या. आणि त्याच दमात बातमी सांगते, की बिली जो नावाच्या पोराने टॅलाहाची नदीच्या पुलावरून उडी टाकली.

आणि मग? मग सगळे जेवतात.

चवळीचं भांडं इकडून तिकडे जातं. बाप म्हणतो, त्या पोराला अक्कल कधी नव्हतीच, आणि लगेच स्वतःला वाढून घेतो, कारण पाच एकर नांगरायचं अजून बाकी आहे. भावाला आठवतं, आपण त्या पोराबरोबर मिळून बहिणीची खोडी काढली होती. कालपरवाच तर दिसला होता म्हणतो, आणि गोड पदार्थ आणखी एकदा मागून घेतो. मग आईचं लक्ष मुलीकडे जातं. मी सकाळपासून रांधतेय आणि तू घासाला शिवली नाहीस, असं ती म्हणते. कारण मात्र विचारत नाही. लगेच दुसरी गोष्ट काढते. म्हणते, सकाळी धर्मगुरू येऊन गेले, त्यांना बिली जो त्या पुलावर दिसला होता, बरोबर एक मुलगी होती, बरीचशी तुझ्यासारखी दिसणारी, आणि दोघं मिळून पाण्यात काहीतरी टाकत होते.

मुलगी काहीच बोलत नाही. हे गाणं तीच गाते आहे, पण स्वतःच्या मनाबद्दल एक शब्दही काढत नाही. शेवटच्या कडव्यात वर्ष उलटलेलं असतं. भाऊ लग्न करून दुसऱ्या गावी दुकान थाटतो, साथीच्या तापात बाप जातो, आईचं कशात मन लागत नाही. आणि मुलगी टेकडीवर जाऊन फुलं तोडते आणि पुलावरून पाण्यात सोडत राहते. गाणं संपलं.

हे गाणं आलं तेव्हा अख्ख्या अमेरिकेला एकच प्रश्न पडला, की पुलावरून टाकलं काय? अंगठी? आणखी काही? आणि पोराने उडी का टाकली? बॉबीने उत्तर कधीच दिलं नाही. ती वेगळंच सांगायची. तिचं म्हणणं, हे गाणं लोक नकळत किती निर्दय होतात याबद्दल आहे. घरातल्या कुणालाही त्या मुलीला दुखवायचं नव्हतं. ते फक्त जेवत होते. पुढे १९७६ मध्ये या गाण्यावर सिनेमा निघाला. पटकथा लिहिणाऱ्याने तिलाच विचारलं, त्याने उडी का टाकली? ती म्हणाली, मला माहीत नाही. सिनेमाला मग स्वतःचं उत्तर शोधावं लागलं. माझं मत विचाराल तर तिथेच सिनेमा फसला. गाणं ऐकताना ज्या जागी आपण स्वतःचं काही ठेवतो, ती जागा सिनेमाने भरून टाकली.

आमच्या गटात मी हे गाणं मोबाईलवर लावलं आणि अर्थ सांगितला. दोघी-तिघी म्हणाल्या, त्या दोघांचं प्रेम असणार. मग एक वयस्कर मावशी, ज्या बैठकीत फारशा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, ‘अगं, त्या आईलाही कळलं असणार. कळलं म्हणूनच तर तिने विचारलं नाही.’ थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मी हे गाणं कितीतरी वेळा ऐकलं होतं, पण माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं. तेव्हापासून ती पाय पुसायला सांगणारी आई मला वेगळीच दिसते.

आता हे गाणं चाललं कसं, त्याचीही गंमत आहे. बॉबीला गायिका व्हायचं होतं असं नाही, तिला गाणी विकायची होती. नमुन्यासाठी गाणाऱ्याला पैसे देण्यापेक्षा आपणच गाणं स्वस्त पडतं, म्हणून स्वतः गायली असं ती सांगायची. कॅपिटल कंपनीने ते नुसत्या गिटारवरचं गाणं घेतलं. जिमी हॅस्केल नावाच्या संगीतकाराने मागाहून त्यात चार व्हायोलिन आणि दोन चेलो घातले. चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच जातीचं, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य. ढोल नाही, ताशा नाही, मागे साथीला कोरस नाही. तबकडीच्या दर्शनी बाजूला कंपनीने तिचं दुसरंच गाणं टाकलं होतं, हे मागच्या बाजूला होतं. गाणं सव्वाचार मिनिटांचं, म्हणजे त्या वेळच्या रेडिओच्या मानाने लांबच. पण रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी केली आणि मागचंच गाणं वाजवायला घेतलं. ऑगस्ट १९६७ मध्ये ते देशात पहिल्या नंबरावर गेलं आणि चार आठवडे तिथेच राहिलं.

अल्बमचं त्याहून नवल. त्या वर्षी बीटल्स या जगप्रसिद्ध इंग्रज मंडळींचा ‘सार्जंट पेपर’ अल्बम अमेरिकेत सलग पंधरा आठवडे पहिल्या नंबरावर बसलेला होता. त्याला तिथून उठवलं ते या चिकासॉ काउंटीच्या पोरीच्या पहिल्या अल्बमने. पुढच्या वर्षी तिला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. त्यातला एक त्या वर्षीच्या सर्वोत्तम नव्या कलाकाराचा होता.

तिचा आवाज कसा आहे, ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. थोडा जाडा, थोडा घोगरा, दुपारी ओट्यावर बसून कुणी सांगावं तसा. ती रडत नाही, ओरडत नाही. जात्यावर बसलेली बाई सासरचं सगळं दुःख सांगून जाते, पण सूर हलू देत नाही, हाताचा वेगही बदलत नाही, तसं काहीसं. हे गाणं दुसऱ्या पुष्कळांनी गायलं. मोठमोठ्या गळ्यांनी गायलं. त्यातले बरेचजण भरून येऊन गातात आणि मग ते जेवणाचं ताट दिसतच नाही.

बॉबीने पुढे आणखी अल्बम केले. इंग्लंडमध्ये बीबीसीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम होता, लास वेगासमध्ये तिचे मोठमोठे खेळ झाले. आणि १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तिने हे सगळं सोडलं. गाणं नाही, मुलाखत नाही, फोटो नाही. लोक आजही हळहळतात, एवढी गुणी बाई का गप्प झाली म्हणून. मला वाटतं, जिने आपल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात काय सांगायचं नाही ते नेमकं ठरवलं होतं, तिला कुठे थांबायचं हेही ठरवता आलं असेल. पण हा माझा अंदाज. तुम्हाला वेगळं वाटेल.

गाण्यातला पूल खरा होता. ग्रीनवूडजवळच्या मनी नावाच्या छोट्या गावाशी टॅलाहाची नदीवर तो होता. गाणं गाजल्यावर लोक मुद्दाम बघायला जायचे. १९७२ साली तो कोसळला. गाण्याच्या पहिल्या खर्ड्याचं एक पान, तिच्या हस्ताक्षरातलं, मिसिसिपी विद्यापीठाने जपून ठेवलं आहे. आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, देशाने कायम जपायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत हे गाणं घेतलं.

कुणाच्या मुलाला सांगून मोबाईलवर लावून घ्या. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल, गोष्ट तर आता तुम्हाला माहीत आहे. चवळी कधी येते, आई कधी बोलते, ते अंदाजाने धरत जा. आणि शब्द संपले म्हणून लगेच बंद करू नका. शेवटी फक्त व्हायोलिन उरतात आणि त्यांचे सूर एकेक पायरी खाली खाली उतरत जातात, पुलावरून सोडलेलं फूल पाण्याकडे जावं तसे.