माळवद चैत्रातच बघून घ्या

परभणीचं हवामान छताची परीक्षाच घेतं. डिसेंबर 2018 च्या अखेरीस इथला पारा 2 अंशांपर्यंत उतरला होता. मे महिन्यात तोच चाळिशी सहज ओलांडतो. या आकुंचन-प्रसरणानं स्लॅबला बारीक भेगा पडतात, पत्र्यावरचे रबरी वायसर कडक होऊन तडकतात.

जुन्या घरांच्या माळवदाची गोष्ट वेगळी. त्यावर पांढरी माती घालतात, शेतातली काळी नव्हे; काळी वाळली की भेगाळते. पावसाळ्यात वर उगवलेलं गवत हिवाळा सरता सरता वाळतं. ते नुसतं कापून भागत नाही, मुळासकट उपटावं लागतं. कुजलेल्या मुळाच्या पोकळीतूनच पाणी थेट तुळईपर्यंत उतरतं. मग नवा थर, चोपणी आणि पन्हळाकडे उतार.

स्लॅबवाल्यांचं काम त्या मानानं सोपं: भेगा बुजवा, पाइपांची तोंडं मोकळी करा. मृगाच्या तोंडावर गवंडी हाती लागत नाही. त्याला आत्ताच गाठा.