एक नाव, दोन फंक्शनं

२०१० च्या अखेरीस फेडोरा १४ ही लिनक्सची नवी आवृत्ती आली आणि ती बसवणाऱ्या काही जणांच्या संगणकावर गाणी खरखरू लागली. बाकी सगळं ठीक चालायचं. ब्राउझरमध्ये फ्लॅश प्लेअरवर काही ऐकायला गेलं, की आवाज फाटायचा. तोही विशिष्ट प्रोसेसर असलेल्या यंत्रांवरच. फ्लॅशमध्ये तर काहीच बदललं नव्हतं. बदलली होती त्याच्या पायाखालची लायब्ररी.

लायब्ररी म्हणजे अनेक प्रोग्रामनी मिळून वापरायचं तयार कोडचं भांडार. लिनक्सवरचं सर्वांत पायाभूत भांडार म्हणजे ग्नू सी लायब्ररी, अर्थात ‘जीलिबसी’. बहुतेक प्रोग्राम तिला आपल्या पोटात घेऊन फिरत नाहीत, सुरू होताना तिच्याशी जोडले जातात. त्यामुळे लायब्ररी सुधारली की जुने प्रोग्रामही आपोआप वेगवान होतात. बिघडतात तेही असेच, आपोआप.

या लायब्ररीत ‘मेमकॉपी’ नावाचं एक साधं फंक्शन आहे. मेमरीतल्या एका जागेवरचे बाइट दुसऱ्या जागी उतरवायचे, एवढंच त्याचं काम. अट एकच: दोन्ही जागा एकमेकींवर चढलेल्या नसाव्यात. तशा असतील तर ‘मेममूव्ह’ हे वेगळं फंक्शन वापरायचं. सी भाषेच्या १९८९ च्या प्रमाण नियमांतच हे लिहिलेलं आहे.

ही अट का, ते चार घरांत पाहू. पहिलं घर रिकामं, पुढच्या तिघांत क, म, ळ. ‘कमळ’ एक घर डावीकडे सरकवायचं आहे. डावीकडून सुरुवात केली तर आधी क सरकतो, मग म, मग ळ, आणि शब्द शाबूत राहतो. उजवीकडून केली तर ळ जाऊन म च्या घरात बसतो, म पुसला जातो. मग तोच ळ क च्या घरात, आणि शेवटी पहिल्या घरातही. हाती उरतं ‘ळळळ’.

जुनं मेमकॉपी सुरुवातीपासून पुढे जायचं. नव्या प्रोसेसरसाठी वेगवान कोड लिहिला गेला, तेव्हा तो काही वेळा शेवटाकडून मागे येऊ लागला. नियमाप्रमाणे यात काहीच गैर नव्हतं. फ्लॅश मात्र एकमेकींवर चढलेल्या जागांसाठी मेमकॉपी वापरत होतं आणि केवळ दिशेच्या योगायोगामुळे आजवर निभावत होतं.

चूक फ्लॅशची, असं लायब्ररी सांभाळणाऱ्यांचं म्हणणं पडलं आणि पुस्तकी न्यायाने ते बरोबरच होतं. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वापरणाऱ्याची बाजू घेतली: काल वाजणारं गाणं आज फाटतंय, त्याला नियम दाखवून काय उपयोग? मला टोरवाल्ड्स यांचंच पटतं. फ्लॅशचा कोड बंदिस्त होता. तो दुरुस्त करणं ऐकणाऱ्याच्या हातात नव्हतं, तरी शिक्षा त्यालाच होत होती.

२०११ मध्ये जीलिबसीच्या २.१४ आवृत्तीत निघालेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. प्रोग्राम तयार होताना त्यात फंक्शनच्या नावासोबत आवृत्तीची चिठ्ठीही नोंदली जाते. ही कल्पना मूळ सन कंपनीच्या सोलारिसवरची. एकाच नावाची अनेक रूपं एकाच लायब्ररीत ठेवण्याची सोय जीलिबसीने तिला जोडली. ६४-बिट इंटेल धाटणीच्या यंत्रांवर २.२.५ ची जुनी चिठ्ठी घेऊन आलेल्याला आता मेमकॉपीच्या नावाखाली मेममूव्ह मिळू लागलं. २.१४ ची चिठ्ठी आणणाऱ्याला नवं, वेगवान मेमकॉपी. म्हणजे नियमाचा काच फक्त नव्याने प्रोग्राम तयार करणाऱ्याला. त्याच्याकडे मूळ कोड असतो, चूक सापडली तर तो ती सुधारू शकतो.

याची किंमत आहेच. २.१४ ची चिठ्ठी असलेला प्रोग्राम त्याआधीच्या लायब्ररीवर सुरूच होत नाही. सुसंगतता मागची सांभाळली जाते, पुढची नाही. शिवाय जुनी दारं कायमची राखावी लागतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेने डिसेंबर २००८ मध्ये ३.० आवृत्ती आणताना अशी दारं मुद्दाम बंद केली. भाषा स्वच्छ झाली, पण जुन्या पायथॉन २ ला निरोप द्यायला १ जानेवारी २०२० उजाडलं. तोवर असंख्य लायब्रऱ्यांना दोन्ही बोली एकाच वेळी बोलाव्या लागल्या.

फ्लॅशची देखभाल ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने २०२० च्या शेवटी थांबवली. २.२.५ च्या चिठ्ठीचं मेमकॉपी मात्र जीलिबसीत अजून आहे, आणि त्यामागे मेममूव्ह उभं आहे.